जुन्या पिस्तुलाचे ब्ल्यूइंग का विटते आणि त्याला हात कधी लावावा

आमच्या घरी बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे ०.३२ बोअरचे एक जुने पिस्तूल आहे. आधी आजोबांच्या, मग वडिलांच्या आणि आता माझ्या परवान्यावर ते चढलेले आहे. त्याच्या स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या पोलादी भागाच्या, डाव्या अंगाला अंगठ्याच्या पेराएवढा एक गोल तपकिरी डाग असून त्याच्याविषयी लहानपणी आम्ही बऱ्याच कथा ऐकल्या. खरे कारण माझ्या लक्षात आले ते हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून आणि थंड करून त्याचे गुण बदलण्याच्या, खात्यात बरीच वर्षे काढल्यानंतर, एका खंडेनवमीला. आजोबा दर वर्षी शस्त्रपूजेत पिस्तुलाच्या नेमक्या त्याच जागी ओले कुंकू लावत, त्यावर झेंडूचे फूल ठेवत आणि दुसऱ्या दिवशी सोने लुटून आल्यावर ते पुसले जाई. वर्षातला एकच दिवस, पण चाळीसेक वर्षे. पोलादाला तेवढा ओलावा पुरला.

त्याच पिस्तुलाच्या ट्रिगर गार्डवर, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीवर, दुसरी एक खूण आहे. तिथले पोलाद पांढरे, चांदीसारखे लखलखीत दिसते. एका काकांनी गंज काढण्याच्या उत्साहात चिंच आणि भांडी घासायची पावडर वापरली, आणि दहा मिनिटांत कारखान्यातला मूळ थर कायमचा निघून गेला. कुंकवाच्या डागाखालचे पोलाद आजही गुळगुळीत आहे. चिंचेने उघडी पडलेली जागा मात्र दर पावसाळ्यात पुन्हा गंजू पाहते. जुन्या ब्ल्यूइंग केलेल्या, म्हणजे पोलादावर निळसर काळा थर चढवलेल्या, शस्त्राचा रंग बदललेला दिसला की काय करावे, याचा विचार मी या दोन खुणा समोर ठेवूनच करतो, आणि पुढचे मार्गदर्शनही त्याच अनुभवातून आलेले आहे.

काम हाती घेण्यापूर्वी

सर्वांत आधी शस्त्र रिकामे असल्याची खात्री करावी. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढावे, मगच स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या पोकळीत, डोळ्यांनी पाहावे आणि करंगळी घालून चाचपावे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड ओढून सोडली, तर चेंबरमध्ये नवी गोळी चढते, हे ध्यानात असू द्यावे. काडतुसे त्या खोलीत ठेवूच नयेत. साफसफाई करताना झालेल्या अपघातांत «रिकामेच होते» हे वाक्य हमखास ऐकू येते.

दुसरी बाब कायद्याची. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. आपल्याच परवान्यावरचे शस्त्र पुसणे, तेल लावणे ही मालकाची नेहमीची निगा झाली; पण नवे ब्ल्यूइंग करून घ्यायचे असेल, तर ते परवानाधारक गनस्मिथकडेच गेले पाहिजे. औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांना असाच काळा थर देणाऱ्या ब्लॅकोडायझिंगवाल्याकडे बोल्टांच्या लॉटबरोबर स्लाइड पाठवून देण्याची कल्पना एका ओळखीच्या गृहस्थांना सुचली होती. कायद्याच्या दृष्टीने शस्त्राचा सुटा भागही शस्त्रातच मोडतो, हे सांगून त्यांना वेळीच थांबवावे लागले. कलम ८ तर आणखी स्पष्ट आहे: शस्त्रावर ठोकलेले नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, काढणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. पॉलिश पेपर किंवा बफिंगचे चाक क्रमांकाच्या जवळ नेण्यापूर्वी एवढे कारण पुरेसे असावे.

तिसरी गोष्ट म्हणजे छायाचित्रे. उत्तरेच्या खिडकीशी, उन्हाची तिरीप थेट पडणार नाही अशा जागी, पांढऱ्या कापडावर शस्त्र ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. प्रकाश एका अंगाने तिरपा येईल असे पाहिले की खड्डे आणि ओरखडे आपोआप उठून दिसतात. पुढे दोन महिन्यांनी «हा डाग वाढला की तेवढाच आहे» असा प्रश्न पडतो, तेव्हा स्मरणशक्तीपेक्षा हीच छायाचित्रे उपयोगी पडतात.

हा थर आहे तरी काय

ब्ल्यूइंग हा रंग नव्हे आणि मुलामाही नव्हे. पोलादाच्या पृष्ठभागावरच्या लोखंडाचेच नियंत्रित रीतीने मॅग्नेटाइट या काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर केलेले असते. एलन बोल्टवर जो काळा थर असतो, तो याच जातीचा. त्याची जाडी साधारण एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या काही दशांश नव्हे, तर सत्तराव्या हिश्श्याच्या घरात असते. आरशासारख्या पॉलिश केलेल्या पोलादावर हा थर निळसर काळा दिसतो, तर वाळूच्या माऱ्याने खरखरीत केलेल्या पृष्ठभागावर तोच नुसता मंद काळा दिसतो. थर सच्छिद्र असल्यामुळे तो तेल धरून ठेवतो. गंजापासूनचे खरे संरक्षण त्या तेलाचे असते, थराचे स्वतःचे संरक्षण फारच तोकडे.

जुन्या शस्त्रांवर हा थर निरनिराळ्या पद्धतींनी चढवला जाई आणि प्रत्येक पद्धतीचे विटणे वेगळे असते. रस्ट ब्ल्यूइंगमध्ये पोलादावर सौम्य आम्लद्रावण लावून दमट कपाटात मुद्दाम बारीक गंज येऊ देत, मग भाग उकळत्या पाण्यात टाकत. उकळण्याने लाल गंजाचा काळा मॅग्नेटाइट बनतो. वरची भुकटी बारीक तारेच्या ब्रशने झाडून हीच क्रिया पाच-सहा वेळा, कधी त्याहून अधिक वेळा करत. काम वेळखाऊ, पण थर चिवट. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेतल्या कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या कंपन्या कार्बोनिया नावाची पद्धत वापरत. त्यात भाग हाडांचा कोळसा आणि विशिष्ट तेल यांच्यासोबत फिरत्या भट्टीत तापवले जात. तो गडद, खोल निळा रंग ज्याने एकदा पाहिला, त्याला आजचे काळे पिस्तूल फिके वाटते. मात्र हा थर नाजूक असतो आणि कधी कधी पापुद्र्यासारखा सुटतो. पुढे स्वस्त आणि जलद अशी क्षारांच्या गरम कुंडाची पद्धत आली: कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांच्या १३५ ते १५० अंश सेल्सिअसच्या द्रावणात भाग बुडवायचे. कारखान्यांत आज जे ब्लॅकोडायझिंग चालते, ते बहुधा हेच.

चौथा प्रकार निव्वळ उष्णतेच्या रंगांचा. छिन्नीला पाणी देताना लोहार धारेवर चढणारा पिवळा रंग पाहतो, पुढे तो जांभळा आणि मग निळा होतो, हे अनेकांनी पाहिलेले असेल. साधारण २३० अंशांना गवती पिवळा आणि ३०० अंशांच्या आसपास मोरपंखी निळा रंग येतो. ट्रिगर, स्क्रू, पिना अशा लहान भागांना हे रंग मुद्दाम दिले जात. हा थर एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो. त्यावर बोटाने रोज घासले तरी तो काही वर्षांत जातो, मग स्टील वूलची गोष्टच नको.

डागाची ओळख

रंग बदलला म्हणजे गंज चढला, असे धरून चालणे ही पहिली चूक. माझा स्वतःचा नियम असा, की आधी सगळे शस्त्र कोरड्या मलमलीने पुसावे, एका कोपऱ्यात तेलाचा एक थेंब लावावा आणि पाच मिनिटे थांबावे. पुष्कळदा «सगळा रंगच उडाला» असे वाटणारे राखाडी पोलाद तेल मिळताच पुन्हा काळेनिळे दिसू लागते. म्हणजे थर शाबूत होता, तो फक्त कोरडा पडला होता.

नळीचे टोक, नेम धरायची पुढची माशी, स्लाइडच्या कडा आणि मुठीच्या मागची बाजू इथे पांढरे पोलाद दिसत असेल, तर ती घासण्याची झीज आहे. कातडी म्यानातून हजारदा काढ-घाल केल्याची ती खूण असते. तिच्यावर उपाय नाही आणि गरजही नाही. तेल लावत राहावे.

पिवळट तपकिरी, बोटाला किंचित चिकटणारा पापुद्रा दिसला, तर तो बहुतेक वेळा सुकलेल्या तेलाचा असतो. आपल्याकडे यामागे घरातले खोबरेल किंवा तिळाचे तेल असण्याची शक्यता मोठी. ही वनस्पती तेले हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होत जातात आणि शेवटी वार्निशसारखी बसतात. खोबरेल तर साधारण २४ अंशांखाली थिजतेही, त्यामुळे थंडीत स्लाइड जड चालते. हा पापुद्रा सहज निघतो आणि खालचा मूळ रंग पुष्कळदा आश्चर्यकारकरीत्या चांगला असतो.

नारिंगी लाल, भुकटीसारखा पदार्थ म्हणजे चालू गंज, आणि तातडीने हात लावण्याजोगी हीच एक गोष्ट. याउलट एकसारखा, गुळगुळीत, चॉकलेटी तपकिरी रंग हा पुष्कळदा स्थिरावलेला जुना थर असतो. दोहोंतला फरक ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पांढऱ्या कापसाच्या बोळ्यावर हलके तेल घेऊन डागावर दहा-बारा वेळा फिरवावे. बोळा नारिंगी झाला, तर गंज सुटा आणि चालू आहे. बोळा जवळपास स्वच्छ राहिला, तर तो तपकिरी थर पोलादाला घट्ट धरून आहे आणि त्याला राहू द्यावे. आमच्या कुंकवाच्या डागावर ही परीक्षा मी दर वर्षी करतो, आणि बोळा पांढराच राहतो.

जांभळट, जांभळासारखी छटा सर्वांत जास्त घोटाळा करते. ती उन्हात उठून दिसते आणि ट्यूबलाइटखाली जवळजवळ नाहीशी होते, त्यामुळे मालकाला कधी कधी कित्येक वर्षांनी तिचा शोध लागतो. गरम क्षारांच्या पद्धतीत पोलादातले सिलिकॉनसारखे मिश्रघटक, कुंडाचे चुकलेले तापमान किंवा द्रावणात साठलेले लोखंड यांमुळे अशी छटा येते. अमेरिकेतल्या रुगर कंपनीच्या ओतीव फ्रेम (मुख्य सांगाडा) असलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत ती इतकी परिचित आहे, की काही संग्राहक तिच्याच शोधात असतात. हा गंज नव्हे. तो वाढत नाही, पोलाद खात नाही आणि कोणत्याही तेलाने जात नाही. स्लाइड काळी आणि फ्रेम जांभळट असेल, तर दोन भाग वेगळ्या पोलादाचे किंवा वेगळी हीट ट्रीटमेंट दिलेले आहेत, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

काही रंग तर मुळात विटलेलेच नसतात. १९०८ साली जर्मन सैन्याने स्वीकारलेल्या लूगर अर्थात पी-०८ पिस्तुलात ट्रिगर, सेफ्टीचा खटका, मॅगझिनचे बटण आणि खोलण्याची कळ हे भाग गवती पिवळ्या रंगाचे असत. माउझर कारखान्याने १९३७ च्या सुमारास गरम क्षारांची पद्धत घेतली, तेव्हा हे भागही काळेनिळे होऊ लागले. त्याआधीच्या लूगरवरचा पिवळा ट्रिगर «गंजलेला» समजून कुणी घासून पांढरा केला, तर त्याने कारखान्याच्या ओळखीची एक खूणच मिटवलेली असते.

एखादाच चौकोनी किंवा ब्रशच्या फटकाऱ्यासारखा भाग बाकीच्याहून गडद, किंचित तांबूस इंद्रधनुषी दिसत असेल, तर पूर्वी कुणीतरी बाटलीतले थंड ब्ल्यूइंग तिथे लावलेले असण्याचा संभव आहे. त्याखाली झाकलेला खड्डा किंवा ओरखडा असतोच, असे समजून भिंग घेऊन पाहावे.

मुठीच्या पट्ट्यांकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. वेब्लीसह त्या काळच्या पुष्कळ पिस्तुलांवर व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या काळ्या पट्ट्या असत. उजेड आणि दमटपणा यांनी हे रबर वरून तपकिरी पडते, आणि त्यातल्या गंधकापासून आम्ल तयार होते. पट्टीच्या कडेने पोलादावर एक बारीक लाल रेघ दिसू लागते, ती इथून आलेली असते. बाहेरून कितीही तेल लावले तरी ती परत येते, कारण तिचे मूळ आत बसलेले असते.

साफसफाईची प्रत्यक्ष रीत

लागणाऱ्या वस्तू घरगुती आहेत: धुऊन मऊ झालेली मलमल, कापसाचे बोळे, नायलॉनचा मऊ ब्रश, लाकडी टूथपिक, रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन, शिवणयंत्राचे तेल, नायट्राइलचे हातमोजे आणि दहापटीचे भिंग. हातमोजे चोचले म्हणून नाहीत. घामातले मीठ बोटांच्या ठशांसकट पोलादावर उतरते आणि आठवड्याभरात तोच ठसा गंजात उमटलेला दिसतो.

मुठीच्या पट्ट्या काढण्यापूर्वी स्क्रूड्रायव्हर खाचेत नीट बसतो का, हे पाहावे. बाजारातला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर टोकाला निमुळता असतो. तो खाचेत फक्त वरच्या कडांवर टेकतो, घसरतो आणि शंभर वर्षे टिकलेल्या स्क्रूचे डोके एका फटक्यात फाडतो. टोक दोन्ही बाजूंनी समांतर घासून खाचेच्या रुंदीला आणि जाडीला जुळवून घ्यावे, मगच पीळ द्यावा. स्क्रू अडला, तर त्यावर तेलाचा थेंब टाकून दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी. पट्ट्यांच्या पलीकडे शस्त्र खोलण्याची, विशेषतः स्प्रिंगांची जागा बदलण्याची हौस या कामात नको.

टर्पेंटाइन ज्वलनशील असते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ देवघरातला दिवाही नसावा. बोळा त्यात नुसता ओला करावा, शस्त्र बुडवू नये. छोट्या छोट्या जागा घेत पुसत जावे आणि बोळा मळला की टाकून द्यावा, कारण मळलेला बोळा कण इकडून तिकडे फिरवत ओरखडे काढतो. सेफ्टीजवळच्या अक्षरांत पांढरा किंवा लाल रंग भरलेला असेल, तर ती जागा वगळावी. लॅकर थिनर तर या कामात आणूच नये. तो रंग आणि पट्ट्या दोन्ही बिघडवतो. व्हल्कनाइटच्या पट्ट्या केवळ कोरड्या कापडाने पुसाव्यात. पाण्यात भिजवल्यास त्यांचा तपकिरीपणा वाढतो. लाकडी पट्ट्यांना खनिज तेल लागू देऊ नये, ते लाकडात मुरून त्याला काळे आणि मऊ करते.

लाल गंज सापडला तर

गंजावर शिवणयंत्राचे किंवा तत्सम हलके खनिज तेल भरपूर लावून एक पूर्ण दिवस तसेच ठेवावे. घाई करणाऱ्यांचे इथेच चुकते. तेल गंजाच्या खाली शिरून त्याची पकड सैल करते, आणि चोवीस तासांनी जो गंज नुसत्या मलमलीने निघतो, तो पहिल्या तासात घासूनही निघत नाही. पुसल्यावर उरलेल्या भागावर पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस. अशा दोन-तीन फेऱ्यांत बरेचसे काम होते.

तरीही एखादा फोड चिकटून राहिला, तर तांब्याची पट्टी वापरावी. तांबे गंजाच्या सुट्या पापुद्र्याला खरवडू शकते, पण पोलाद आणि मॅग्नेटाइट या दोहोंपेक्षा मऊ असल्यामुळे त्यांना ओरखडत नाही. मी यासाठी १९५७ साली चलनात आलेला ब्राँझचा एक नया पैसा वापरतो. त्याची कड हातात नीट बसते. तेलाने भिजलेल्या जागेवर तो अगदी आडवा धरून हलकेच ढकलावा. फोड टिचून उडतो आणि खाली बहुधा बारीक खड्डा दिसतो. खड्ड्याच्या तळाचा गंज टूथपिकच्या टोकाने काढावा. सुई वापरण्याचा मोह आवरावा.

चार शून्यांच्या क्रमांकाचे, म्हणजे सर्वांत बारीक, स्टील वूल याच्यानंतरची पायरी आहे आणि पुष्कळांना तिथवर जावेच लागणार नाही. रस्ट ब्ल्यूइंग किंवा गरम क्षारांच्या थरावर ते तेलात चिंब भिजवून, फक्त बोटाच्या वजनाने फिरवले तर चालते. दर दहा-पंधरा फेऱ्यांनी पुसून भिंगातून पाहावे. बोळ्यावरचे तेल तपकिरी होत असेल, तोवर गंज निघतो आहे. ते काळे व्हायला लागले, की आपण थरच काढत आहोत, आणि त्या क्षणी हात थांबला पाहिजे. कार्बोनियाच्या गडद निळ्यावर आणि उष्णतेच्या पिवळ्या-निळ्या रंगांवर मात्र स्टील वूल अजिबात चालवू नये.

आम्ल कोणतेही नको. चिंच, लिंबू, व्हिनेगर, शीतपेये आणि हार्डवेअरच्या दुकानातले फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट रिमूव्हर यांना लाल ऑक्साइड आणि काळे ऑक्साइड यांत भेद करता येत नाही, दोन्ही विरघळतात. पितळ उजळवायच्या पॉलिशमध्ये घासणारी बारीक पूड असते, तिचाही परिणाम तोच.

गंज निघाल्यावर टर्पेंटाइनने सगळे अवशेष पुसावेत, हेअर ड्रायरने पोलाद हाताला कोमट लागेल इतपत तापवून ओलावा घालवावा आणि लगेच तेलाचा पातळ हात द्यावा. नेहमी न हाताळले जाणारे शस्त्र असेल, तर तेलाऐवजी सूक्ष्मस्फटिकी मेण अधिक चांगले. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात विकसित झालेले रेनेसान्स वॅक्स हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. कोमट पोलादावर चिमूटभर मेण मलमलीने पसरावे आणि काही मिनिटांनी कोरड्या कापडाने चोळावे. व्हल्कनाइटच्या पट्ट्यांखालच्या पोलादावर मी मेणाचे दोन थर देतो. तेव्हापासून ती लाल रेघ परतलेली नाही. दोन आठवड्यांनी कापसाची परीक्षा पुन्हा करावी.

नवे ब्ल्यूइंग करावे का

माझे मत स्पष्ट आहे: मूळ थर निम्मा उरला असला तरी तो राहू द्यावा. नव्याने गरम ब्ल्यूइंग करायचे, तर जुना थर आम्लाने काढून पोलाद पुन्हा पॉलिश करावे लागते. बफिंगच्या चाकावर कडा गोल होतात, स्क्रूच्या छिद्रांभोवती बशीसारखे खळगे पडतात आणि प्रूफचे, म्हणजे शस्त्राच्या चाचणीचे, शिक्के पुसट होतात. अमेरिकेत आणि युरोपात मूळ थर असलेल्या जुन्या पिस्तुलाला नव्याने चमकवलेल्या पिस्तुलापेक्षा संग्राहक जास्त किंमत देतात, ते याच कारणाने.

तरीही सगळेच पोलाद उघडे पडले असेल आणि शस्त्र वापरात ठेवायचे असेल, तर परवानाधारक गनस्मिथला तीन प्रश्न विचारावेत. पॉलिश हाताने, लाकडी ठोकळ्यावर पेपर लावून करणार की चाकावर? क्रमांक आणि शिक्के असलेल्या बाजूंचे काय करणार? आणि पद्धत कोणती? फ्रेम अॅल्युमिनियमची असेल, तर कॉस्टिकच्या कुंडात ती अक्षरशः विरघळू लागते, आणि माशी मऊ सोल्डरने जोडलेली असेल, तर ते सोल्डरही तिथे टिकत नाही. अशा वेळी पोलादी भागांसाठी रस्ट ब्ल्यूइंगचाच आग्रह धरावा. पहिल्या प्रश्नालाच «ते आमच्यावर सोडा» असे उत्तर आले, तर शस्त्र घरी घेऊन यावे.

बाटलीतल्या थंड ब्ल्यूइंगविषयी थोडक्यात सांगायचे, तर ते बहुधा सेलेनियमच्या विषारी संयुगांचे असते, हातमोज्यांशिवाय आणि बंद खोलीत वापरू नये, एखाद्या ओरखड्यापुरते ते ठीक दिसते आणि काही महिन्यांत तपकिरी पडते. जुन्या, मूळ अवस्थेतल्या शस्त्रावर मी ते लावणार नाही.

ठेवणी

कातडी म्यान शस्त्र बाळगण्यासाठी असते, ठेवण्यासाठी नाही. कातडे कमावताना वापरलेली रसायने आणि त्याने शोषलेला पावसाळी ओलावा पोलादाला चिकटून राहतो. म्यानाला पितळी बटण असेल, तर त्याच्याभोवती हिरवा मेणकट थर चढतो आणि तो शस्त्रावरही उतरतो. तो टूथपिक आणि टर्पेंटाइनने निघतो. पेटीतला स्पंजही तितकाच वाईट. चाकणच्या वाहन उद्योगात सुटे भाग गुंडाळण्यासाठी जो व्हीसीआय कागद वापरतात, तो यासाठी उत्तम; त्यातून हळूहळू सुटणारी वाफ पोलादावर गंजरोधक थर धरते. कागदात गुंडाळून, कुलूपबंद लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पिशवीसोबत शस्त्र ठेवावे. कपाटातली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे; कोकणात जुलैमध्ये बाहेर ती ९० च्या आसपास असते, म्हणून रंग बदललेले जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर सुकवून पुन्हा वापरण्याचे काम तिथे पंधरवड्याला करावे लागते. वातानुकूलित खोलीतले थंड पोलाद बाहेरच्या दमट हवेत उघडले की त्यावर दव धरते. आधी गुंडाळलेल्या स्थितीतच तासभर बाहेर ठेवावे.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली, तर ते कापडी पिशवीत तसेच देऊ नये. एका निवडणुकीनंतर आमचे पिस्तूल दोन महिन्यांनी परत मिळाले, तेव्हा पिशवीची वीण स्लाइडवर गंजाच्या रेघांत उमटली होती. आता देण्यापूर्वी मेणाचा थर, व्हीसीआय कागद आणि वर प्लास्टिकची पिशवी असा क्रम आम्ही ठेवतो, आणि आतल्या चिठ्ठीवर क्रमांक लिहून पोचपावतीवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहतो.

खंडेनवमीची पूजा आमच्या घरी अजूनही होते. त्या दिवशी पिस्तूल मेण लावलेले असते, खाली कोरडे रेशमी वस्त्र असते, अक्षता कोरड्या वाहतात, आणि कुंकू लावायचे ते पिस्तुलाशेजारी ठेवलेल्या आजोबांच्या जुन्या परवान्याच्या कातडी पाकिटाला. संध्याकाळी दिवा शांत झाला की मी हातमोजे घालतो.